बेडकाला मांजर कोणी ठरवले?

४० मुलांच्या वर्गात प्रत्येकाची उंची १४० सेंटिमीटर आहे असे समजा. संगणकावर नोंद करताना एकाच्या नावापुढे शून्य जास्त पडून १४०० झाले, तर वर्गाची सरासरी एकदम १७१.५ येते! ४० ओळींत ही चूक लगेच डोळ्यांत भरते. नोंदी हजारो असल्या तर मात्र आकडे वाचून भागत नाही, त्यांचे चित्र काढावे लागते. चित्रात तो एक ठिपका बाकीच्यांपासून दूर एकटाच दिसतो.

असे चित्र काढणारे 'फॅसेट्स' हे सॉफ्टवेअर गूगलने २०१७ मध्ये ओपन सोर्स, म्हणजे कोणालाही आतून पाहता व बदलता येईल असे, प्रसिद्ध केले. त्याचा एक भाग प्रत्येक रकान्यातील रिकाम्या जागा, शून्ये, लहानात लहान व मोठ्यात मोठा आकडा दाखवतो. दुसऱ्या भागात प्रत्येक नोंद सुटी दिसते आणि तिची हवी तशी वर्गवारी करता येते.

त्यांनी दिलेले उदाहरण मोठे गमतीचे आहे. 'सीफार-१०' हा ६०,००० छोट्या चित्रांचा संग्रह संगणकाला चित्रे ओळखायला शिकवण्यासाठी वापरतात. त्यात मांजर, बेडूक, घोडा, जहाज असे १० प्रकार असून प्रत्येकाची ६,००० चित्रे आहेत. चाचणीत संगणकाने काही 'मांजरांना' बेडूक म्हटले, आणि त्या त्याच्या चुका धरल्या गेल्या. पण ती चित्रे पडद्यावर मांडून पाहिली, तर त्यांतले एक खरोखरच बेडकाचे निघाले! संगणक बरोबर होता, चित्राला दिलेले नावच चुकले होते. नुसत्या टक्केवारीवरून हे कधीच कळले नसते.

मात्र वेगळा दिसणारा प्रत्येक ठिपका खोडून टाकायचा नसतो. चेरापुंजीला ऑगस्ट १८६० ते जुलै १८६१ या बारा महिन्यांत २६,४६१ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. आलेखावर हा आकडा लिहिणाऱ्याची चूक वाटेल, पण तो जागतिक विक्रम म्हणून मान्य आहे. म्हणून आधी मूळ नोंदवही काढून पाहावी.

घरी संगणक असलेल्या पालकांसाठी एक माहिती. न्यूझीलंडमधील ऑकलंड विद्यापीठात रॉस इहाका व रॉबर्ट जेंटलमन यांनी सुरू केलेले 'आर' हे सॉफ्टवेअरही ओपन सोर्स असून विनामूल्य मिळते. आज्ञा टाईप कराव्या लागतात, त्यामुळे पहिले काही दिवस ते रुक्ष वाटते. उंचीचा आलेख काढायला मात्र एक ओळ पुरते.