होपचं घर बदललं!

घर बदलताना काय तारांबळ उडते, ती तुम्ही पाहिली असेलच. आई काचेच्या बरण्या वर्तमानपत्रात गुंडाळते, बाबा टेम्पोवाल्याशी हुज्जत घालतात, आणि एवढं करूनही एखादी बरणी फुटतेच! आता समजा, हलवायचं सामान म्हणजे २५ मीटर लांबीचा सांगाडा आहे. दोन एसटी गाड्या एकामागे एक उभ्या केल्या, तरी तो थोडा पुढे उरेल. वजन साडेचार टन, हाडं २२१. आणि बरणी फुटली तर नवी आणता येते, सव्वाशे वर्षांपूर्वीचं हाड कुठून आणणार?

हा उद्योग लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियमने केला. सांगाडा होता निळ्या देवमाशाच्या मादीचा. (नावात मासा असला तरी देवमासा हा मासा नव्हे, हे आमच्या चौथीतली मुलंही सांगतात बरं का!) मार्च १८९१ मध्ये आयर्लंडमधल्या वेक्सफर्ड बंदराजवळ ती वाळूच्या दांड्यावर अडकली आणि तिथेच तिचा अंत झाला. म्युझियमने तिची हाडं २५० पौंडांना विकत घेतली. पण टांगायला तेवढं मोठं दालन नको का? ते व्हायला १९३० चं दशक उजाडलं.

तेव्हा पाण्याखाली पोहणारा निळा देवमासा कुणी नीट पाहिलाच नव्हता. त्यामुळे सांगाडा टांगला तो सरळसोट, बांबूसारखा आडवा! ऐंशीएक वर्षं तो तसाच राहिला.

२०१५ मध्ये म्युझियमने जाहीर केलं, की ही मादी आता प्रवेशद्वारासमोरच्या मुख्य दालनात येणार. तिथे होता डिप्पी, म्हणजे डिप्लोडोकस या डायनासोरचा सांगाडा. मुलांचा भारी लाडका! त्याला हलवणार म्हटल्यावर कितीतरी जण रागावले. पण एक गंमत सांगू? डिप्पीची हाडं खरी नव्हतीच, ती होती प्लास्टरची नक्कल. देवमाशाची मात्र अस्सल.

मग परांच्या उभ्या राहिल्या आणि सांगाडा सुटा करून खाली उतरवला गेला. अशा कामात घाई चालत नाही. देवमाशाचं हाड आतून स्पंजसारखं असतं, आणि त्यात तेल भरलेलं असतं. ते वर्षानुवर्षं पाझरत राहतं. त्या चिकटपणावर धूळ बसते, आणि जुनं तेल आंबून हाडालाच खायला लागतं. म्हणून एकेक हाड तपासायचं, हलक्या हाताने साफ करायचं, चिरा गेल्या असतील तिथे जोडायचं. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच ही हाडं शास्त्रज्ञांच्या हाताशी आली होती. त्यांनी प्रत्येक हाडाचं लेझरने मोजमाप घेतलं.

देवमाशाच्या पोहायच्या वल्ह्यात आपल्यासारखी मनगटाची आणि बोटांची हाडं असतात. या मादीच्या एका वल्ह्यातली काही हाडं नव्हतीच! मग दुसऱ्या बाजूची हाडं पाहून, आरशातल्यासारखी उलटी, थ्रीडी प्रिंटरवर तयार केली. आहे की नाही युक्ती?

तोंडातल्या झालरीसारख्या पट्ट्यांनी तर कमालच केली. निळ्या देवमाशाला दात नसतात, या पट्ट्यांनी तो पाणी गाळून क्रिल नावाचे कोळंबीसारखे जीव खातो. पट्ट्या आपल्या नखांसारख्या वाढत जातात. म्युझियमने त्या जपून ठेवल्या होत्या. त्यांच्या तपासणीतून तिची शेवटची सात वर्षं उलगडली. अटलांटिकमध्ये ती कधी उत्तरेला, कधी उबदार पाण्यात जायची, आणि बहुधा तिने एका पिल्लालाही जन्म दिला होता.

१४ जुलै २०१७ ला नवं दालन लोकांसाठी उघडलं. आता ती सरळसोट नव्हती. भक्ष्यावर झेप घेताना असते तशी, जबडा वासून खाली सूर मारणारी! तिचं नाव ठेवलं ‘होप’, म्हणजे आशा. तेच का? माणसांनी तेलासाठी इतके निळे देवमासे मारले, की जगात ते नावापुरते उरले होते. १९६६ मध्ये लंडनमध्येच त्यांची शिकार बंद करायचं ठरलं. तेव्हापासून त्यांची संख्या हळूहळू वाढते आहे.

हे सगळं वर्गात सांगितलं, तर मागच्या बाकावरून प्रश्न आला, “बाई, मग डिप्पी कुठे गेला?”

तो ना? पेट्यांमध्ये बसून २०१८ मध्ये ब्रिटनभर फिरायला गेला!