पस्तीस मिनिटांचं रान

पिंपरीत १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना आला आणि पवनाकाठच्या गावांचं रूप पालटू लागलं. १९८२ साली पिंपरी-चिंचवड महानगरपालिका झाली. पुढे कारखान्यांची रांग भोसरी, तळवडे ओलांडून चाकणच्या माळापर्यंत गेली. आज इथल्या शाळांत मराठवाडा, खानदेश, विदर्भ आणि बिहार-उत्तर प्रदेशातून आलेल्या कामगारांची मुलं एका बाकावर बसतात. त्यांच्या पुस्तकांत नदी, माती, पक्षी सगळं आहे. दहावीच्या भूगोलाचा तर पहिला पाठच ‘क्षेत्रभेट’ आहे. प्रत्यक्षात मात्र बाहेर जाणं म्हणजे वर्षातली एक सहल, एवढंच अनेकांच्या वाट्याला येतं.

यात शिक्षकांना बोल लावून चालणार नाही. वर्गात पन्नास-साठ मुलं, ३५ मिनिटांची तासिका, फाटकाबाहेर धावणारे कंटेनर, पालकांची संमतिपत्रं. शिवाय मनात एक धास्ती असते: “बाई, हे कोणतं झाड?” असं मुलानं विचारलं आणि नाव आठवलं नाही तर? शिक्षकांची ही धास्ती घालवणं, हीच त्यांना करायची सर्वांत मोठी मदत आहे.

शाळा उघड्यावर नेण्याची वाट महाराष्ट्रानं फार पूर्वी पाडली आहे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीत ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं. पुढे कोसबाडला गुरं राखणारी आदिवासी मुलं वर्गात येईनात, तेव्हा त्यांनी शाळाच कुरणात नेली. ती ‘कुरणशाळा’. पर्यावरण शिक्षण अनिवार्य करण्याचा सर्वोच्च न्यायालयाचा निर्देश १९९१ सालचा, तर २०२०चं राष्ट्रीय शैक्षणिक धोरण दप्तराविनाच्या दिवसांचा पुरस्कार करतं. म्हणजे आधार आहे. हवी आहे ती रोजची सोय.

ही सोय शाळेच्या आवारातल्या झाडापासूनच होऊ शकते. जुन्या आंब्याच्या किंवा शिरीषाच्या खोडावर करड्या-हिरवट चकत्या दिसतात. ते दगडफूल, आपल्या गोड्या मसाल्यातल्या दगडफुलाचेच भाईबंद. बुरशी आणि शैवाल यांचा हा एकत्र संसार. त्याला मुळं नसतात. पाणी आणि क्षार तो मुख्यतः हवेतून आणि पावसातून घेतो, त्यामुळे सल्फर डायऑक्साइडसारखा वायू त्याच्या अनेक जातींना सोसत नाही. पॅरिसच्या लक्झेंबर्ग उद्यानातल्या दगडफुलांवरून शहराच्या हवेची पारख करता येते, हे वनस्पतिशास्त्रज्ञ विल्यम निलँडर यांनी १८६६ सालीच मांडलं होतं. मुलांनी पुठ्ठ्यात दहा सेंटिमीटरची चौकट कापावी, ती खोडावर धरावी आणि आतल्या चकत्या मोजाव्यात. एक झाड रस्त्याकडेचं, दुसरं त्याच जातीचं पण आतल्या बाजूचं. आकडे वेगळे आले तर का, सारखे आले तर का, यावर तासिका रंगते. इथे नावं पाठ असण्याची गरजच पडत नाही.

आवाराबाहेरही असे प्रश्न भेटतात. दिवाळीनंतर चाकणच्या शिवारात विहिरीवरच्या बाभळीला सुगरणीचे रिकामे खोपे लटकत असतात. काही पुरे, काही अर्धवट. नर गवताच्या पात्या सोलून अर्धा खोपा विणतो. मादीला पसंत पडला तरच पुढचा बोगदा पुरा करतो. अर्धवट खोपा का राहिला, याचं उत्तर मुलांनीच शोधावं.

निगडीची दुर्गा टेकडी, देहूजवळचा भंडारा डोंगर, चाकणजवळचा भामचंद्र, आळंदीची इंद्रायणी ही सगळी ठिकाणं या पट्ट्याच्या हाताशी आहेत. मात्र मुलांना नेण्याआधी शिक्षकांनी स्वतः तिथे फिरून यावं. सावली, पाणी आणि धोक्याच्या जागा पाहून ठेवाव्यात, एकच प्रश्न ठरवावा आणि गट लहान करावेत. सोबतीला पालक बोलवावेत. कारखान्यात यंत्र चालवणाऱ्या कित्येक बाबांचं बालपण शेतात गेलेलं असतं; बांधावरच्या झाडांविषयी तेच उत्तम सांगतात. पुढची पायरी ‘सीझनवॉच’ची: मुलं एकच झाड निवडून दर आठवड्याला त्याची पानं, फुलं, फळं नोंदवतात आणि त्या नोंदी देशभराच्या अभ्यासाला जोडल्या जातात.

मुख्याध्यापकांनो, आठवड्यातली एक तासिका वेळापत्रकातच बाहेरची म्हणून लिहा. कारखानदारांनो, शाळांना फलक आणि रोपं देता तशा दोन दुर्बिणी, वीस भिंगं आणि शिक्षकांच्या प्रशिक्षणाचा एक दिवस द्या. आणि गुरुजी, बाई, झाडाचं नाव आठवलं नाही तर “चला, मिळून शोधू” असं बिनधास्त म्हणा. मुलं तिथूनच शिकायला लागतात.