थांबलेले गणित, राखलेली नोंद

मंठ्याचा शेतकरी ज्या मोसमी पावसाची वाट पाहतो, त्याचे गणित पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेत मांडले जाते. त्यासाठी 2018 साली तेथे ‘प्रत्युष’ महासंगणक आला. असे लांबलचक गणित मध्येच बंद पडले तर? म्हणून ठराविक टप्प्यांवर वारा, तापमान, जमिनीतील ओल आणि गणिताची वेळ यांची नोंद करून ठेवतात. पुढचे काम तेथूनच सुरू होते. ओलीचा आकडा नोंदायचा राहिला, तरी यंत्र कुरकुरेलच असे नाही. उत्तर मात्र बदलते.

कामगार चळवळीत आम्ही हेच पाहिले. बडतर्फ कामगाराचे नाव हजेरीपटावर परत चढले, पण मागची नोकरी धरली नाही, तर तो परत आला असे कसे म्हणावे? त्याच्या जागी नवाच माणूस भरला!