ताळेबंद वाचताना (भाग ७) : ॲपलचे उणे ६८ दिवस

मागच्या आठवड्यात खेळत्या भांडवलाची ओळख झाली. चालू मालमत्तेतून चालू देणी वजा केली की ते मिळते, आणि उत्तर उणे आले की आपल्या पोटात गोळा येतो. आता ॲपलचा ३० सप्टेंबर २०२३चा ताळेबंद पाहा. चालू मालमत्ता १४,३५७ कोटी डॉलर, चालू देणी १४,५३१ कोटी. म्हणजे खेळते भांडवल उणे १७४ कोटी डॉलर. आणि त्याच वर्षाचा निव्वळ नफा सुमारे ९,७०० कोटी डॉलर!

हा पेच सोडवायला रोख चक्र उपयोगी पडते. मालात घातलेला पैसा किती दिवसांनी परत हाती येतो, एवढाच त्याचा प्रश्न. माल किती दिवस पडून राहतो आणि विकल्यावर गिऱ्हाईक किती दिवसांनी पैसे देते, यांची बेरीज करायची. आपण पुरवठादाराला किती दिवस थांबवतो, ते त्यातून वजा करायचे.

संगणकाच्या धंद्यात या गणिताला धार आणली ती डेलने. ऑर्डर आल्यावरच यंत्र जुळवायचे, या पद्धतीमुळे १९९८च्या आर्थिक वर्षात डेलकडे जेमतेम ७ दिवसांचा साठा होता. येणी ३६ दिवसांची, देणी ५१ दिवसांची. चक्र उणे ८. दोनच वर्षांपूर्वी ते अधिक ४० होते. त्याच १९९८ साली टिम कुक ॲपलमध्ये आले. साठ्याकडे दूधवाल्याच्या नजरेने पाहा, तारीख उलटली की माल गेला, असे ते सांगत. चिपची किंमत दर आठवड्याला उतरत असते, तेव्हा गोदामात भरलेला माल म्हणजे रोजचा तोटाच. कुक यांनी गोदामे बंद केली आणि पुरवठादारांची संख्या कमी केली.

आता २०२३चे आकडे मांडू. विक्री ३८,३२८ कोटी डॉलर, विकलेल्या मालाचा खर्च २१,४१४ कोटी. साठा ६३३ कोटींचा, म्हणजे खर्चाच्या हिशेबाने ११ दिवस. ग्राहकांकडून येणी २,९५१ कोटी, विक्रीच्या हिशेबाने २८ दिवस. पुरवठादारांची देणी ६,२६१ कोटी, म्हणजे १०७ दिवस. अकरा आणि अठ्ठावीस एकोणचाळीस, त्यातून १०७ गेले. उरले उणे ६८. पैसे आधी गोळा होतात आणि माल पुरवणाऱ्याला दोन महिन्यांहून अधिक काळाने पोचतात. बहुतेक विश्लेषणे इथेच टाळ्या वाजवून थांबतात.

मला हा आकडा जसाच्या तसा पटत नाही, आणि त्याला दोन कारणे आहेत. पहिले तारखेचे. ॲपलचे वर्ष सप्टेंबरच्या शेवटच्या शनिवारी संपते. आयफोन १५ बाजारात आला २२ सप्टेंबरला, म्हणजे वर्ष संपायच्या आठवडाभर आधी. कारखाने तेव्हा पूर्ण वेगात चाललेले आणि पुरवठादारांची बिले शिगेला पोचलेली असतात. त्या एका दिवसाची फुगलेली देणी आपण वर्षभराच्या सरासरी खर्चाने भागतो. त्यामुळे पुरवठादाराला खरोखर १०७ दिवस ताटकळावे लागते, असा अर्थ त्यातून काढता येत नाही.

दुसरे कारण अधिक वजनदार आहे. त्याच ताळेबंदात येण्यांची आणखी एक ओळ आहे, ३,१४८ कोटी डॉलरची. ही रक्कम ग्राहकांकडून यायची नाही. ॲपल बरेच सुटे भाग स्वतः खरेदी करते आणि फोनची जुळणी करणाऱ्या कंपन्यांना विकते. त्या कंपन्यांकडून यायचे पैसे ते हे. हा व्यवहार विक्रीच्या आकड्यात धरलेला नसतो, म्हणून नेहमीच्या सूत्रातून ही ओळ निसटते. पण त्याच भागांसाठी ॲपलला द्यायचे पैसे मात्र देण्यांत बसलेले असतात. एक बाजू धरायची आणि दुसरी सोडायची, हा हिशेब कुठला? ती रक्कम देण्यांतून वजा करा. देणी उरतात ३,११३ कोटी, म्हणजे ५३ दिवस, आणि चक्र येते उणे १४.

उणे १४ हेही उत्तमच. पण उणे ६८ पाहून सत्तेची जी प्रचिती येते, तिचा बराचसा भाग वहीच्या मांडणीचा आहे.

आपल्याकडच्या आयटी कंपन्यांना हे सूत्र लावताना साठ्याची जागा रिकामीच राहते, कारण गोदामात ठेवण्यासारखे काही नसते. पुण्या-मुंबईच्या कंपन्यांचा पैसा अडकतो तो येण्यांत आणि काम होऊनही बिल न पाठवलेल्या महसुलात. ही दुसरी रक्कम ताळेबंदात वेगळ्या ओळीत असते आणि येण्यांचे दिवस मोजताना अनेकदा गाळली जाते. लहान पुरवठादारांना थांबवून चक्र उणे करायलाही आपल्याकडे मर्यादा आहे. २००६च्या कायद्याप्रमाणे सूक्ष्म व लघु उद्योगांचे पैसे लेखी करार असला तरी ४५ दिवसांत द्यावे लागतात.

पुढच्या आठवड्यापर्यंत तुमच्या ओळखीच्या एका आयटी कंपनीचा वार्षिक अहवाल काढा. येण्यांचे दिवस दोनदा मोजा, एकदा बिल न पाठवलेला महसूल सोडून आणि एकदा धरून. दोन्ही आकडे जवळ ठेवा, पुढचा लेख तिथूनच सुरू करू.