'व्हेरिफाय' म्हणजे ताळा पाहणे

विद्यार्थी मित्रहो, तुमचे भौतिकशास्त्राचे जर्नल उघडा. एका प्रयोगापुढे 'टु डिटरमाइन द फोकल लेंग्थ' असे लिहिलेले असते, तर दुसऱ्यापुढे 'टु व्हेरिफाय ओहम्स लॉ'. क्रियापदे दोन आहेत, तशी कामेही दोन आहेत. डिटरमाइन म्हणजे ठाऊक नसलेली राशी मोजून काढणे. मग व्हेरिफाय म्हणजे काय?

तोंडी परीक्षेत मी हा प्रश्न विचारतो, तेव्हा बहुतेकांचे उत्तर ठरलेले असते, "सिद्ध करणे, सर." या उत्तरामुळे पुढे काय घडते ते पाहा. समजा, तारेतून 0.2 अँपिअर धारा असताना विभवांतर 1.0 व्होल्ट आले, 0.4 अँपिअरला 2.0 आले आणि 0.6 अँपिअरला 3.1. पहिली दोन गुणोत्तरे 5 येतात, तिसरे मात्र सुमारे 5.2. नियम 'सिद्ध' करायचा असल्याने विद्यार्थी खोडरबर घेतो आणि 3.1 चे 3.0 करतो. आलेख अगदी सरळ येतो. पण प्रयोग त्याच क्षणी संपलेला असतो. व्होल्टमीटरवरील सर्वांत लहान भाग 0.1 व्होल्टचा असेल, तर एका भागाचा फरक पडणे स्वाभाविकच होते. तो लपवण्याचे काहीच कारण नव्हते.

व्हेरिफाय हा शब्द लॅटिनमधून आला. 'वेरुस' म्हणजे खरे आणि 'फाकेरे' म्हणजे करणे. इंग्रजीत त्याला दोन छटा आहेत. एक, एखादे विधान खरे आहे की नाही हे तपासणे. दुसरी, तपासून ते खरे असल्याचे सांगणे. जर्नलच्या पहिल्या ओळीत पहिली छटा असते. दुसरी छटा वापरायचा अधिकार निष्कर्षाच्या ओळीत मिळतो, तोही मापने जुळली तरच!

हा गोंधळ केवळ आपलाच होतो असे नाही. चिनी भाषेत व्हेरिफायला साधारण 'येन-जंग' म्हणतात आणि सिद्ध करण्याला 'जंग-मिंग'. 'जंग' म्हणजे पुरावा, तो दोन्हींत आहे. पण 'येन' म्हणजे पारखणे आणि 'मिंग' म्हणजे उघड, स्पष्ट. इंग्रजी शिकणाऱ्या चिनी मुलालाही हा भेद जाणीवपूर्वक लक्षात ठेवावा लागतो.

वापराची एक खूणही ध्यानात ठेवा. आपण मराठीत 'नियमाबद्दल खात्री करून घेतो', म्हणून इंग्रजीतही 'व्हेरिफाय अबाउट द लॉ' असे लिहून जातो. ते चूक आहे. या क्रियापदाला कर्म थेट जोडावे, 'व्हेरिफाय द लॉ'.

मराठीत याला नेमका शब्द आहे, पडताळणे. गणितातला नवाचा ताळा आठवा. 47 गुणिले 23 बरोबर 1081. 47 च्या अंकांची बेरीज 11, म्हणजे 2. 23 ची 5. दोहोंचा गुणाकार 10, म्हणजे 1. उत्तराच्या अंकांची बेरीजही 10, म्हणजे 1. ताळा जुळला. आता कोणी घाईत 1081 ऐवजी 1801 लिहिले, तर? ताळा तरीही जुळतो! म्हणजे ताळा न जुळल्यास चूक नक्की असते. जुळल्यास चूक सापडली नाही, एवढेच म्हणता येते. पडताळणे आणि सिद्ध करणे यांतील अंतर ते हेच.

ही रीत केवळ प्रयोगशाळेतली नाही. आमच्या अमरावती जिल्ह्यात, मोर्शी तालुक्यात रिद्धपूर हे गाव आहे. तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात म्हाइंभटांनी 'लीळाचरित्र' रचले, ते येथे. चक्रधरस्वामींना ज्यांनी प्रत्यक्ष पाहिले-ऐकले होते, अशांकडे जाऊन त्यांनी आठवणी गोळा केल्या आणि नागदेवाचार्यांकडून त्या पडताळून घेतल्या, असे महानुभाव परंपरा सांगते. ऐकलेले तसेच उतरवून ते थांबले नाहीत. मराठी गद्याच्या या आद्य ग्रंथामागे पडताळणीचे कष्ट आहेत. आज त्याच गावी मराठी भाषा विद्यापीठ आहे.

आता एक प्रयोग करा. तारेऐवजी टॉर्चचा लहान बल्ब जोडा आणि वाचने घ्या. आलेख वाकेल. ओहमचा नियम खोटा ठरला का? नाही. वाहकाची भौतिक अवस्था कायम असावी, ही त्या नियमातील अट आहे. बल्बची तार तापते आणि तिचा रोध वाढतो. खोडरबर वापरला असता, तर ही अट तुम्हांला कधीच भेटली नसती.

म्हणून मित्रहो, पुढच्या वेळी 3.1 आले तर 3.1 च लिहा. गुण देणारा शिक्षकही त्या आकड्याला खोडू नये, ही माझी शिक्षकबंधूंना विनंती आहे.