बोट आली, माणूस नाही आला: अशा वेळी पहिली धाव पोलीस स्टेशनात



१ ऑगस्टला बंदी उठणार. ६१ दिवस बांधून ठेवलेल्या बोटी परत दर्यात जाणार. डिझेल, बर्फ, जाळी, खलाशी, सगळ्यांची धावपळ चालू आहे. त्या गडबडीतून पाच मिनिटं काढून हे वाचा. आज विषय आहे आपल्या गावचं पोलीस स्टेशन.

पोलीस म्हटलं की आपल्यात पहिलं वाक्य काय येतं? "त्या भानगडीत कशाला पडायचं?" मी स्वतः पण हेच म्हणायचो. सोसायटीच्या ऑफिसात बसून दोन प्रकार बघितले, तेव्हापासून म्हणायचं बंद केलं.

पहिला प्रकार काही वर्षांपूर्वीचा. बोट आपल्या सोसायटीची नव्हती, पण जेटी जवळची. रात्री जाळं ओढताना एक खलाशी पाण्यात पडला. बाकीच्यांनी पहाटेपर्यंत शोधला, मिळाला नाही. बोट जेटीला आली. मालकाला भीती वाटली की बोट अडकवून ठेवतील, खलाशांना जबानीसाठी बसवतील, चार दिवस धंदा बंद. म्हणून त्याने स्वतःच दोन बोटी पाठवून शोध घेतला आणि पोलिसांत गेला तिसऱ्या दिवशी. तोपर्यंत मृतदेह शेजारच्या राज्यात किनाऱ्याला लागला होता. तिथल्या पोलिसांकडे जुळवून बघायला कसलीच नोंद नाही. बेवारस म्हणून शवागारात पडून राहिला. ओळख पटेपर्यंत घरच्यांना चेहरा बघण्यासारखी स्थिती राहिली नव्हती. त्याचा म्हातारा बाप गावाहून आला होता. त्याने मला एकच विचारलं, "तीन दिवस कोणी कळवलं का नाही?" माझ्याकडे उत्तर नव्हतं.

दुसरा प्रकार आपल्याच सोसायटीतला. असाच रात्रीचा अपघात. पण तांडेलाने दर्यातूनच कळवलं आणि मालक बोट येण्याआधी पोलीस स्टेशनात जाऊन बसला. ड्युटीवर एक हवालदार एकटाच होता. त्याने रात्री दोन वाजता नोंद घेतली. वय, उंची, अंगावरचा शर्ट, हातावरचं गोंदण, सगळं विचारून लिहिलं. मग आजूबाजूच्या पोलीस स्टेशनना आणि सागरी पोलिसांना वर्णन कळवलं. माणूस वाचला नाही, हे खरं. पण चौथ्या दिवशी दूरच्या एका किनाऱ्यावर मृतदेह लागला, तेव्हा गोंदणावरून तासाभरात आम्हाला फोन आला. पंचनामा झाला, शवविच्छेदन झालं आणि दुसऱ्या दिवशी घरच्यांच्या हाती दिला. बोट एक दिवस थांबली. एकच दिवस.

दोन्ही माणसं गेलीच. पण दुसऱ्याच्या बायकोकडे कागद होते.

हे कागद का लागतात ते नीट समजून घ्या. केंद्राच्या मत्स्य संपदा योजनेत मच्छीमारांचा अपघात विमा आहे. अपघाती मृत्यू किंवा कायमचं पूर्ण अपंगत्व आलं तर ५ लाख रुपये, कायमचं अंशतः अपंगत्व आलं तर अडीच लाख. हप्ता सरकार भरतं. वय १८ ते ७० पाहिजे आणि नाव यादीत पाहिजे. पण क्लेम करायला गेलं की पोलिसांची नोंद, पंचनामा, शवविच्छेदनाचा अहवाल मागतात. नोंदच उशिरा झाली तर तिथेच प्रश्न सुरू होतात. माणूस गुरुवारी पडला आणि तक्रार रविवारी, मधले दिवस काय केलं? उत्तर द्यायची वेळ येते त्या विधवेवर.

आणि मृतदेह मिळालाच नाही तर? दर्यात हे होतं, आपल्याला माहीत आहे. कायद्याप्रमाणे सात वर्षं ज्याची काही खबर नाही, त्याला मयत धरता येतं. ही सात वर्षं कुठल्या तारखेपासून मोजायची, याचा सगळ्यात पक्का पुरावा म्हणजे बेपत्ता झाल्याची पोलिसांतली नोंद. ती नसली तर घरच्यांना ना दाखला, ना बँकेतले पैसे.

"हद्द आमची नाही, तिकडे जा" हे उत्तर आपल्यापैकी अनेकांनी ऐकलं असेल. मीही ऐकलेलं आहे, खोटं कशाला बोलू? पण १ जुलै २०२४ पासून नवीन कायदा लागू झाला आहे. दखलपात्र गुन्ह्याची खबर कुठल्याही पोलीस स्टेशनात देता येते, मग गुन्हा कुठल्याही हद्दीत घडलेला असो. याला झिरो एफआयआर म्हणतात. एफआयआरची प्रत फुकट मिळते, ती मागून घ्या. आऊटबोर्ड मशीन किंवा जाळी चोरीला गेली तरी हाच नियम. मशीनचा नंबर मात्र लिहून ठेवलेला पाहिजे, नाहीतर पोलीस तरी काय शोधणार?

पोलिसांनाही आपली गरज आहे, हे विसरू नका. २६ नोव्हेंबर २००८ ला मुंबईत अतिरेकी आले ते 'कुबेर' नावाची पोरबंदरची मासेमारी बोट पळवून. बोटीचा तांडेल अमरसिंह सोळंकी, आपल्यासारखाच दर्यावर पोट भरणारा माणूस, त्याला त्यांनी मारला. मच्छीमार नगराजवळ ते उतरले तेव्हा तिथल्या कोळी लोकांनी त्यांना हटकलं होतं. त्यानंतर ओळखपत्रं, बोटींचे ठरावीक रंग, सागरी पोलिसांची गस्त, हे सगळं कडक झालं. तपासणीचा कंटाळा येतो, मलाही येतो. पण तेरेखोलपासून पोळेपर्यंत दर्यात रोज कोण नवीन दिसतं, हे आपल्याला कळतं तेवढं गस्तीच्या बोटीला कळणार नाही.

आता हंगाम सुरू होण्याआधी प्रत्येक बोटमालकाने एवढं करा:

१. एक वही घाला. प्रत्येक खलाशाचं पूर्ण नाव, आधार नंबर, गावचा पत्ता, घरचा फोन, फोटो, अंगावरची खूण लिहा. आपल्याकडे कितीतरी खलाशी झारखंड, ओडिशा, कर्नाटकातून येतात. नुसतं "बाबू" म्हणून नोंद असेल तर त्याच्या आईला कळवायचं कसं? वही घरी ठेवा, बोटीवर नको. एक प्रत सोसायटीत द्या.

२. खलाशांची माहिती पोलीस स्टेशनात देऊन पोचपावती घ्या.

३. हे नंबर तांडेलाला पाठ पाहिजेत: तटरक्षक दल १५५४, पोलीस ११२. दर्यात रेंज नसते, तेव्हा व्हीएचएफवर चॅनल १६.

४. माणूस पाण्यात पडला की शोध आणि खबर एकाच वेळी. "आधी शोधू, मग सांगू" हे बंद. तटरक्षक दलाला तास मोलाचा असतो.

५. लाईफ जॅकेट घाला. बाकी सगळे कागद लागू नयेत म्हणून हा एकच उपाय आहे.

त्या रात्रीच्या हवालदाराची नंतर बदली झाली. जाताना तो ऑफिसात चहाला आला होता. मी आभार मानायला लागलो तर म्हणाला, "सेक्रेटरी, तुमचा मालक वेळेवर आला म्हणून मला काम करता आलं."

पोलीस स्टेशनात एकट्याने जायची भीती वाटत असेल तर मला फोन करा. रात्री दोन वाजले असले तरी मी बरोबर येईन.

दर्या सगळ्यांना सुखरूप घरी आणो.

आपला,
सेक्रेटरी