वनखंडांतील पक्षी

ब्राझीलमधील मनाऊस शहराच्या उत्तरेस, कुरणांसाठी ॲमेझॉनचे अरण्य तोडले जात असताना, थॉमस लव्हजॉय यांच्या पुढाकाराने १९७९ साली एक दीर्घ अभ्यास सुरू झाला आणि त्यासाठी १, १० व १०० हेक्टरांचे वनखंड, म्हणजे मोकळ्या जमिनीने वेढलेले जंगलाचे तुकडे, मुद्दाम राखण्यात आले. तोडीनंतर लगेच या तुकड्यांत पक्षी वाढलेले दिसले; पण ती निर्वासितांची गर्दी होती आणि ती लवकरच ओसरली.

लहान तुकड्यांतून सर्वांत आधी गेले ते लष्करी मुंग्यांमागे फिरणारे पक्षी. हे पक्षी मुंग्या खात नाहीत, तर त्यांची फौज पाचोळ्यातून सरकताना जे कीटक घाबरून बाहेर पडतात ते टिपतात. मात्र प्रत्येक वसाहत रोज स्वारीवर निघत नसल्याने त्यांना अनेक वसाहती, अर्थात विस्तीर्ण जंगल, लागते. गुंजनपक्ष्यांना जंगलाचे तुकडे झाल्याची फारशी झळ बसली नाही. उलट, दाट सावलीत वावरणारे कित्येक कीटकभक्षी पक्षी शंभर मीटरांहून अरुंद मोकळी पट्टीही ओलांडेनात, ही खरी चिंतेची बाब होय. पुढे जिथे भोवतालच्या पडीक कुरणांत सेक्रोपियाची झाडे उंच वाढली, तिथे मुंग्यांमागे फिरणारे काही पक्षी तुकड्यांत परतले.